पिसाळलेलं कुत्रं चावत सुटलं, तर बाकीची कुत्री उचलून नेल्याने साथ थांबेल का?

तुम्ही लिहिलंय की घणसोलीत तुमच्या सेक्टरमध्ये एक पिसाळलेलं कुत्रं पाच-सहा जणांना चावून मेलं, आणि आता महापालिकेची माणसं बाकीच्या कुत्र्यांना लस टोचून तिथेच सोडून जातायत. सगळी उचलून का नेत नाहीत, असा तुमचा प्रश्न आहे. मी नवी मुंबईत भटक्या कुत्र्यांच्या लसीकरणाला मदतीला जात असतो. लस देऊन त्याच जागी सोडतायत ते बरोबरच आहे. का, ते सांगतो, पण त्याआधी चावलेल्या माणसांचं बघा.

प्रत्येकाची जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतली गेली का? हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी महापालिकेच्या रुग्णालयात लस सुरू व्हायला हवी. उशीर झाला असेल तर आज जा, आता काय उपयोग म्हणून घरी बसू नका. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली, आता दंडात चार किंवा पाच वेळा देतात, आणि त्यातली एकही तारीख चुकवायची नाही. रक्त आलं असेल तर नुसत्या लसीवर भागत नाही. लसीने शरीरात ताकद तयार व्हायला आठवडाभर तरी जातो, तेवढ्या दिवसांसाठी जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, टोचावं लागतं. डॉक्टरांनी त्याचा विषय काढला नाही तर आपणहून विचारा. एकदा पाण्याची भीती सुरू झाली की डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही.

आणि बिल्डिंगमधल्या मुलांना जवळ बसवून विचारा. ओरडा बसेल म्हणून मुलं चावल्याचं, ओरखड्याचं घरी सांगत नाहीत. भारतात रेबीजने जाणाऱ्यांत पंधरा वर्षांखालची मुलं फार मोठ्या संख्येने असतात.

आता कुत्र्यांकडे येतो. एखाद्या भागातल्या साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की विषाणूला पुढचं कुत्रं सापडत नाही आणि साखळी तुटते. तुमच्या सेक्टरमधली कुत्री उचलली तर त्यांची जागा मोकळी राहत नाही. कचरा आहे, मटणाच्या दुकानामागचं खरकटं आहे, मग एमआयडीसीच्या पट्ट्यातली लस न मिळालेली कुत्री तिथे येतात. म्हणजे सुरक्षित झालेली घालवून धोक्याची बोलवायची. इंडोनेशियातल्या बालीत हेच झालं. 2008 साली तिथे साथ आली, हजारो कुत्री मारली, तरी साथ बेटभर पसरली. 2010पासून बेटभर लसीकरण झालं तेव्हा माणसांचे मृत्यू झपाट्याने खाली आले. आपल्या शेजारच्या गोव्याने वर्षामागून वर्ष जाळ्या घेऊन गल्लोगल्ली लस दिली आणि 2021 साली तो रेबीज-नियंत्रित भाग म्हणून जाहीर झाला. आपल्याकडच्या 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं त्याच भागात परत सोडायचं असं आहे. पिसाळल्याचा संशय असलेलं मात्र वेगळंच ठेवतात.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते एकदा पहाटे खाली उतरून बघा. रहदारी सुरू व्हायच्या आत दोघं जण जाळी घेऊन दोन बाजूंनी येतात, कुत्रं जाळीत अडकलं की जाळीतूनच सुई, मग पाठीवर रंगाचा पट्टा, आणि सोडलं. अर्धा मिनिटही लागत नाही. हाताला येणारी कुत्री पहिल्याच दिवशी होतात. राहतात ती नाल्याकाठची, बंद शेडमधली, पाईपांच्या ढिगाखाली पिल्लं घेऊन बसलेली बुजरी कुत्री, आणि सगळा आकडा तिथेच अडतो. ती कुठे बसतात हे रोज खायला घालणाऱ्यांना नेमकं ठाऊक असतं. माझी कळकळीची विनंती आहे, त्यांच्याशी सोसायटीत भांडण काढू नका. सकाळी त्यांना पथकासोबत उभं करा. पिल्लंही वगळायला सांगू नका, साथीत लहान पिल्लांनाही लस देतात.

अजून एक. मेलेल्या कुत्र्याने दुसऱ्या कुत्र्यांना चावलं असेल, तर त्यांच्यात रोग दिसायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात, आणि आत शिरलेल्या रोगाला आजची लस थांबवेलच असं नाही. त्यामुळे निदान तीन महिने लक्ष ठेवा. पिसाळलेलं कुत्रं नेहमी धावून येतंच असं नाही. काही गप्प होतात, अंधाऱ्या कोपऱ्यात शिरतात, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते. घशात हाड अडकलं असेल असं वाटून भली माणसं त्याच्या तोंडात हात घालतात. तसं करू नका, मुलांना लांब करा आणि महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला फोन करा. कुणी हात घातलाच असेल, हाताला साधा ओरखडा असला तरी, त्यालाही त्याच दिवशी लसीला पाठवा.