साथीच्या बातम्यांत सांगतात तो धोका खरा किती, हे सामान्य माणसानं ओळखायचं कसं?

माझं परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात पोल्ट्रीचं शेड आहे, त्यामुळं या प्रश्नावर गप्प बसवंना. जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळ मुरुंब्याला आठ-नऊशे कोंबड्या मेल्या, रिपोर्ट बर्ड फ्लूचा आला. हे खरंय. 1 किलोमीटरमधले पक्षी मारायचं ठरलं, 10 किलोमीटरमध्ये विक्री बंद. आमचं गाव तिथून कितीतरी लांब. पण टीव्हीवर काय, तर परभणीत कहर, मागं कुठल्यातरी दुसऱ्याच राज्यातल्या पोत्यात भरलेल्या कोंबड्या अन् खाली पट्टी, मृत्युदर 50 टक्के. माझा लॉट विक्रीला आलेला, दोन-दोन किलोचे पक्षी, अन् व्यापारी फोनच उचलंना. पक्षी रोज फीड खायलेत, वजन वाढायलंय अन् भाव पडायलाय. शेवटी मिळंल त्या भावात गावातच वाटल्यासारखे विकले.

आमचे दाजी एका चॅनलचे तालुका प्रतिनिधी. ते आजही म्हणतात की आम्ही आकडा खराच दिला. दाजी, आकडा खरा होता पण अर्धा होता. 2003 पासून तोवर अख्ख्या जगात माणसाला हा रोग झाल्याच्या नोंदी नऊशेच्या आत, त्यातले निम्मे दगावले. अन् नोंद होते कुणाची, तर दवाखान्यात न्यावं लागंल इतका आजारी पडला त्याची. झाला तर काय होईल हे तुम्ही पट्टीवर फिरवलं, होतो कितीजणांना हे सांगितलंच नाही.

म्हणून बातमीत टक्का आला की आधी बघा, किती लोकांतला अन् किती वर्षांतला. तेवढं नसंल तर सरळ चॅनल बदला. संशयित अन् रिपोर्ट आलेला, यात लई फरक असतो. बर्ड फ्लूचे नमुने तपासणाऱ्या भोपाळच्या लॅबचा रिपोर्ट यायच्या आधीच पट्टी फिरलेली असती.

अन् हो, "बिलकुल धोका नाही" म्हणणारे अधिकारी पण चूकच. 70 अंशाला शिजलेल्या चिकनला भ्यायचं कारण नाही, पण मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलणाऱ्याला धोका आहेच, अन् त्याच वर्षी जुलैत दिल्लीत एक पोरगं याच रोगानं गेलं. आमच्या शेडवरच्या गड्याला हातमोजे घाल म्हणून कोणत्या चॅनलनं सांगितलं? त्या वेळी आमच्या बाजूच्या गावात कावळे मेले तर दाजींनी लगेच व्हिडिओ पाठवला, रिपोर्ट निगेटिव्ह आला त्याची बातमी आजवर नाही. दाजी, ती आधी लावा, मग बोलू.