कापूस वेचून कंबर-खांदे आखडतात, कोणती मालिश करून घ्यावी?

कोमट तिळाच्या तेलाची, हलक्या ते मध्यम दाबाची साधी मालिश घ्या. शहरातल्या पार्लरमध्ये मिळणारी जोरकस 'डीप टिश्यू' तुम्हाला सध्या नको. मी फिजिओथेरपिस्ट आहे. वेचणीच्या हंगामात असे रुग्ण नेहमीच येतात. दिवसभर वाकून स्नायू आधीच थकलेले असतात, त्यावर कोपरानं रगडलं की दुसऱ्या दिवशी ठणका वाढतो. संध्याकाळी, जेवणाआधी, कंबर आणि खांदे घरच्याच माणसाकडून चोळून घ्या, मग गरम पाण्यानं आंघोळ. घरी जवसाचं तेल असेल तर तेही चालतं, तेलापेक्षा हात महत्त्वाचा. एकाच गाठीपाशी दुखत असेल तर तिथं अंगठ्यानं सोसवेल एवढाच दाब द्या. मालिशनं मिळणारा आराम मात्र एक-दोन दिवसांचाच. वेचताना मधूनमधून ताठ उभं राहिलात तरच तो टिकेल.

कळ कमरेतून पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर मालिश अजिबात नको, आधी डॉक्टर. आणि पायाळू (जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या) माणसाकडून कमरेत लाथ तर कधीच नाही.