पहिल्यांदाच विणतेय : आधी पायमोजे घ्यावेत की बिनबोटांचे हातमोजे?

आधी हातमोजे. सुलट-उलट टाके येत असतील तर बिनबोटांचा हातमोजा म्हणजे सरळ नळीच. अंगठ्यासाठी फट तेवढी ठेवायची. गोल विणायची धास्ती वाटत असेल तर दोन सुयांवर चौकोन विणा आणि कडा शिवताना अंगठ्यापुरती जागा उघडी सोडा. झालं!

पायमोज्यात खरी गंमत टाचेची. निम्म्याच टाक्यांवर मागे-पुढे विणत, ओळ अर्ध्यातच उलटवत टाचेचा खोलगट भाग तयार होतो. नुसतं वाचून काही म्हणजे काही कळत नाही, सुईवर घेतलं की उमगतं. घेर पायाच्या मापापेक्षा साधारण १० टक्के कमी ठेवा, नाहीतर मोजा घसरतो. लोकरीत २०-२५ टक्के नायलॉन असलेलं बरं. निव्वळ लोकर टाचेला लवकर विरते.

चार-पाच सुयांवर गोल विणताना पहिली ओळ जोडण्याआधी टाक्यांना पीळ पडलाय का ते बघाच, पुढे उसवण्यावाचून इलाज नाही. सुई बदलताना पहिले दोन टाके जरा ओढून विणा, म्हणजे मध्ये शिडीसारखी विरळ रेघ पडत नाही. आणि ओळी मोजून लिहून ठेवा, दुसरा मोजा पहिल्याएवढाच व्हायला हवा ना!