आम्ही सांगलीतल्या शाळेसाठी गाणी लिहिणाऱ्या एका मुलीची चित्रकथा मालिका करतोय, तिची पुस्तिका स्नेहसंमेलनात विकायची आहे. तिच्यात सिनेमातल्या गाण्याच्या ओळी छापता येतात का?

वर्गात शिकवताना वापरायच्या असतील तर येतात. पण तुम्ही म्हणता तशी पुस्तिका छापून सांगलीतल्या स्नेहसंमेलनात विकायची असेल तर हक्कधारकाची लेखी परवानगी हवी. मी बालमासिकाचं संपादन करते, परवानग्यांचं काम माझ्याकडेच असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीतकाराच्या हयातीत आणि निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. तुमच्याच जिल्ह्यातलं बघा: वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या ओळींवर २०२९ अखेरपर्यंत हक्क आहे. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या रचना आता खुल्या आहेत. निधनानंतर पहिल्यांदा छापलेल्या रचनांची ६० वर्षं मात्र त्या प्रकाशनापासून मोजतात, तेवढं तपासून घ्या. खाली गीतकाराचं नाव टाकलं की झालं, हा समज चुकीचा आहे.

तुमची नायिका नववीतली, गाणी लिहिणारी, आणि मराठीच्या बाई तिच्या पाठीशी. मग ओळी मुलांकडूनच लिहून घ्या ना! वहीच्या मागच्या पानावर तीनदा खोडलेलं कडवं चौकटीत जसंच्या तसं दाखवा. बाईंनी त्यावर लाल शाई न चालवता "चाल लावून म्हण बघू" एवढंच म्हणावं. अशा बाई मुलांना लगेच खऱ्या वाटतात. त्या ओळींचा हक्क लिहिणाऱ्या मुलाचाच, म्हणून नाव छापा आणि पालकांची संमती घ्या.