वाचकांचे प्रश्न : दुचाकीसाठी बाहेरच्या कंपनीचा ऑइल फिल्टर निवडताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ऑइल फिल्टरविषयी आहेत. त्यांतील चार प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे कावासाकी निन्जा ३०० आहे. कंपनीचा फिल्टर मिळायला वेळ लागतो, म्हणून पुण्यातील नाना पेठेतल्या एका दुकानदाराने मला एका छोट्या मोटारीचा फिल्टर दिला. तो इंजिनच्या आट्यांवर अगदी सहज आणि शेवटपर्यंत बसला. गाडी चालू करून उभी ठेवली असता तेल गळताना दिसले नाही. हा फिल्टर तसाच वापरावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वापरू नये, आणि त्या फिल्टरवर लांबच्या प्रवासाला तर मुळीच निघू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आटे जुळले याचा अर्थ फक्त एवढाच होतो की त्या फिल्टरचा आणि आपल्या इंजिनवरील नळीचा व्यास व पिच एक आहे. आपल्या गाडीच्या फिल्टरचे आटे एम २० × १.५ या मापाचे असतात, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि दोन आट्यांमधले अंतर दीड मिलिमीटर. हे माप अतिशय प्रचलित आहे. होंडा, कावासाकी, यामाहा, सुझुकी यांच्या असंख्य दुचाकींवर ते आहे आणि कितीतरी मोटारींवरही आहे, त्यामुळे दुकानातल्या फळीवरचे अनेक फिल्टर आपल्या इंजिनवर फिरतील. त्यांतला योग्य कोणता, हे ठरवण्यासाठी आणखी काही गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली गोष्ट रबरी गास्केटची, म्हणजे फिल्टरच्या तोंडावर तेल अडवणाऱ्या रबरी कड्याची. जुना फिल्टर काढल्यावर इंजिनवर मशीनने गुळगुळीत केलेली एक गोल पट्टी दिसते. नव्या फिल्टरचे गास्केट पूर्ण वर्तुळभर याच पट्टीवर टेकले पाहिजे आणि आत-बाहेर दोन्हीकडे थोडी पट्टी मोकळी राहिली पाहिजे. गास्केटचा व्यास जरा मोठा असेल, तर त्याची बाहेरची कड पट्टीच्या काठावरून लोंबकळते. अशा वेळी इंजिन मंद गतीत असताना काहीच गळत नाही, कारण तेव्हा तेलाचा दाब कमी असतो. दाब सर्वांत जास्त असतो तो सकाळी तेल थंड आणि घट्ट असताना थ्रॉटल पिळला की. म्हणून गाडी स्टँडवर उभी करून घेतलेली परीक्षा येथे पुरेशी ठरत नाही. मोटारीत गास्केट सुटले, तर तेल रस्त्यावर सांडते आणि इंजिन बिघडते. दुचाकीत मात्र तेच तेल थेट मागच्या टायरखाली जाते, आणि म्हणून हा प्रश्न आम्ही इतक्या गांभीर्याने घेत आहोत.

दुसरी गोष्ट डब्याच्या आतली, डोळ्यांना न दिसणारी. आट्यांवर फिरवून बसवायच्या फिल्टरमध्ये तेल कडेच्या लहान भोकांतून आत शिरते, कागदाच्या घड्यांमधून गाळले जाते आणि मधल्या आट्यांच्या भोकातून इंजिनकडे परत जाते. कागद घाणीने भरला किंवा थंड तेल फार घट्ट झाले, तर इंजिन तेलावाचून राहू नये यासाठी एक बायपास झडप असते, जी ठरावीक दाबफरकाला उघडते आणि न गाळलेले का होईना, पण तेल पुढे सोडते. ही झडप काही इंजिनांत इंजिनमध्येच असते, तर काहींत ती फिल्टरमध्ये असावी असे गृहीत धरलेले असते. मोटारीच्या फिल्टरमधली झडप त्या मोटारीच्या पंपाला जुळवून ठेवलेली असते. आपले इंजिन तिच्यापेक्षा खूप जास्त फेऱ्यांवर चालते. झडप फार लवकर उघडणारी असेल, तर जोरात गाडी चालवताना तेल न गाळताच फिरत राहते, आणि ती मुळातच नसेल, तर तुंबलेल्या फिल्टरमागे बेअरिंगे कोरडी पडू शकतात. शिवाय बहुतेक दुचाकींत गिअर आणि क्लच याच तेलात बुडालेले असतात, त्यामुळे क्लचच्या घर्षणातून सुटणारा बारीक चुरा गाळण्याचे कामही याच कागदावर पडते. मोटारीच्या फिल्टरला ते कधी करावे लागत नाही.

तिसरी गोष्ट परत वाहणे अडवणाऱ्या रबरी पडद्याची. फिल्टर आडवा बसत असेल, तर गाडी बंद केल्यावर त्यातले तेल उतरून जाऊ नये म्हणून भोकांच्या मागे हा लवचीक पडदा असतो. तो कडक झाला की सकाळी पहिल्या काही क्षणांत इंजिन कोरड्या टकटकीने सुरू होते. सिलिकोनचा पडदा उष्णतेत जास्त काळ मऊ राहतो. बोथट काडीने भोकातून हलकेच दाबून पाहिल्यास तो आत जाऊन लगेच परत यावा.

उंचीबद्दल थोडक्यात सांगायचे, तर सायलेन्सरची नळी आणि फिल्टर यांच्यात मूळ फिल्टरइतकेच अंतर राहिले पाहिजे, कारण लांब डबा नळीजवळ येऊन तापत राहतो किंवा खड्ड्यात खालून फटका खातो.

मग बाहेरच्या कंपनीचा फिल्टर घ्यायचाच नाही का? जरूर घ्यावा, पण तो आपल्या मॉडेलसाठी त्या कंपनीने कॅटलॉगमध्ये दिलेलाच असावा. उदाहरणार्थ, हायफ्लोफिल्ट्रो या फिल्टर बनवणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये निन्जा ३०० साठी एचएफ ३०३ हा क्रमांक आहे, आणि तोच क्रमांक होंडा व यामाहाच्या अनेक गाड्यांसाठीही आहे. एकच फिल्टर अनेक गाड्यांना चालणे यात काही गैर नाही. ते कुणी मोजून, तपासून आणि छापून सांगितलेले असावे, एवढाच आमचा आग्रह आहे.

याच प्रश्नाला जोडून एक इशारा देणे आवश्यक वाटते. हार्ले-डेव्हिडसनच्या जुन्या मोठ्या व्ही-ट्विन (‘व्ही’ आकारात दोन सिलिंडर असलेल्या) इंजिनांवर पाऊण इंच व्यासाचे, इंचाला १६ आटे असलेले माप आहे. मिलिमीटरमध्ये तो व्यास १९.०५ होतो आणि पिच साधारण १.५९. एम २० चा फिल्टर या नळीवर चढवला, तर तो हातात थोडा सैल लागतो, पण फिरतो आणि घट्ट झाल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात आट्यांची फक्त टोके एकमेकांत अडकलेली असतात आणि दाब वाढला की डबा निसटून येऊ शकतो. गास्केट टेकण्यापूर्वी फिल्टर नळीवर डुगडुगत असेल, तर तो तेथेच काढून परत करावा, घट्ट करून पाहू नये.

बसवताना गास्केटला नव्या तेलाचे बोट लावावे, जुने गास्केट इंजिनला चिकटून राहिलेले नाही याची खात्री करावी (दोन गास्केट एकावर एक आली की तेल हमखास उडते) आणि फिल्टर हाताने फिरवून, गास्केट टेकल्यानंतर डब्यावर छापली असेल तेवढी, बहुधा पाऊण फेरी, घट्ट करावा. काही फिल्टरांच्या डोक्यावर षटकोनी नट असतो. तो काढण्याच्या सोयीसाठी आहे, पान्याने आवळण्यासाठी नव्हे.

प्रश्न : रॉयल एन्फिल्ड क्लासिक ३५० साठी मी ऑनलाइन फिल्टर मागवला. तो दिसायला जुन्यासारखाच आहे, परंतु उंचीला जरासा कमी वाटतो. मेकॅनिक म्हणतात, ‘चालेल, आवरण बसले ना.’ (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपली गाडी कोणत्या वर्षाची आहे, हे आपण लिहिलेले नाही, आणि येथेच पहिली गफलत होते. क्लासिक ३५० हे नाव तेच राहिले असले, तरी सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या गाडीत संपूर्ण नवे जे-सिरीज इंजिन आहे, तर त्याआधीच्या गाड्यांत यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन) हे वेगळे, जुने इंजिन होते. असेच चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकचे आहे. २०२३ मध्ये नाव कायम ठेवून ३७३ सीसीच्या जागी ३९९ सीसीचे इंजिन आले. कावासाकीच्या निन्जा २५० आर मध्ये कागदी एलिमेंट (डब्याशिवायचा, इंजिनच्या आत आवरणाखाली बसणारा फिल्टर) होते, तर तिच्याच पुढच्या निन्जा ३०० मध्ये आट्यांवर फिरवून बसवायचा डब्याचा फिल्टर आला. म्हणून दुकानात किंवा ऑनलाइन केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही. वर्ष, इंजिन आणि शक्य असेल तर मूळ कंपनीचा भाग क्रमांक सांगावा. हा क्रमांक जुन्या पाकिटावर किंवा अधिकृत पार्ट कॅटलॉगमध्ये मिळतो.

आता उंचीबद्दल. डब्याचा फिल्टर चुकला, तर निदान तेल गळून तो आपल्याला सांगतो. इंजिनच्या आत बसणारे कागदी एलिमेंट चुकले, तर ते काहीही सांगत नाही. आवरण बसते, तेल बाहेर येत नाही, इंजिन नेहमीसारखे चालते, मात्र आखूड एलिमेंटचे तोंड आपल्या बैठकीवर दाबून बसत नसल्यामुळे तेल कागदातून न जाता त्या फटीतून थेट पुढे निघून जाते. हजारो किलोमीटर गाडी न गाळलेल्या तेलावर धावते आणि मालकाला पत्ताही नसतो. त्यामुळे आपल्या मेकॅनिकच्या मताशी आम्ही सहमत नाही. जुने व नवे एलिमेंट शेजारी ठेवून उंची, बाहेरचा व्यास आणि मधल्या भोकाचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजावा. जुने एलिमेंट दाबले जाऊन थोडे बसलेले असते, म्हणून नवे त्याच्या बरोबरीचे किंवा किंचित उंच निघावे. आखूड निघाले तर घेऊ नये.

एक खूण प्रत्येकाला घरी पाहता येईल. पुढच्या वेळी तेल बदलताना काढलेल्या एलिमेंटच्या रबरी टोकाकडे उजेडात नीट पाहावे. ते बैठकीवर व्यवस्थित दाबले गेले असेल, तर रबरावर एक सलग, मध्यभागी आलेली गोल खोबण उमटलेली दिसते. ती अर्धीच उमटलेली असेल, एका बाजूला सरकलेली असेल किंवा मुळीच नसेल, तर ते एलिमेंट बसलेले नव्हते, मग पाकिटावर काहीही छापलेले असो.

दिशाही तितकीच महत्त्वाची आहे. होंडाच्या अनेक एलिमेंटवर बाहेरची बाजू इंग्रजीत छापलेली असते आणि मागे एक स्प्रिंग असते. एलिमेंट उलटे घातले किंवा स्प्रिंग गॅरेजच्या ट्रेमध्ये राहून गेली, तर परिणाम वरच्यासारखाच होतो. एलिमेंटबरोबर आलेल्या सर्व ओरिंग (तेल अडवणाऱ्या गोल रबरी कड्या) बदलाव्यात आणि आवरणाचे स्क्रू आवळताना अॅल्युमिनियमचे आटे जाणार नाहीत याची काळजी घ्यावी.

प्रश्न : माझ्या स्प्लेंडरला फिल्टर बदलायला सांगितले, तर मेकॅनिक ‘यात फिल्टर नसतोच’ असे म्हणाले. मला फसवले जात आहे का? (एक वाचक, जालना)

उत्तर : नाही, ते खरे बोलत आहेत. स्प्लेंडरच्या ९७.२ सीसी इंजिनात बदलायचा कागदी फिल्टर नाही. तेथे एक तारेची जाळी आणि क्रँकच्या टोकाला गरगर फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो, ज्यात जड कण कडेला फेकले जाऊन साचतात. ते दोन्ही साफ करायचे असतात, विकत घ्यायचे नसतात. आपल्याला कुणी ‘स्प्लेंडरचा ऑइल फिल्टर’ विकू पाहिला, तर मात्र सावध व्हावे.

प्रश्न : बाहेरचा फिल्टर लावला, तर वॉरंटी जाते का? आणि डुप्लिकेट फिल्टर कसा ओळखावा? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : वॉरंटीच्या काळात आम्ही कंपनीचाच फिल्टर सुचवतो. तत्त्वाची बाजू ग्राहकाच्या बाजूने झुकते हे खरे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांविरुद्ध दिलेल्या आदेशात, केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी नाकारणे अयोग्य ठरवले होते. परंतु तो आदेश मोटारींबद्दलचा होता, त्यावर पुढे अपिलेही झाली, आणि फिल्टरच्या किमतीतल्या थोड्या फरकासाठी इंजिनच्या दाव्यावरून सर्व्हिस सेंटरशी वाद घालण्याची वेळ ग्राहकावर येऊ नये, असे आम्हाला वाटते.

डुप्लिकेटबाबत आधी पाकीट पाहावे. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार त्यावर उत्पादक, पॅकिंग करणारा किंवा आयातदार यांचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असणे बंधनकारक आहे. यातले काही नसेल, तर पुढे पाहण्याची गरजच नाही. त्यानंतर आट्यांत बोट फिरवून धातूचा कीस लागतो का ते पाहावे, कारण तो कीस पहिल्याच फेरीत इंजिनमध्ये जातो. कागदी एलिमेंटच्या घड्या सारख्या अंतरावर असाव्यात आणि दोन्ही टोकांना डिंक सलग भरलेला असावा. संशय राहिलाच, तर तो फिल्टर काढल्यावर फेकून न देता कापून पाहावा. घड्या एकमेकींवर चपट्या झालेल्या किंवा कागद जोडापाशी उसवलेला दिसला, तर त्या दुकानातून पुन्हा घेऊ नये आणि पाकीट व बिल जपून ठेवून तक्रार करावी.