वाचकांचे प्रश्न: इमारतींच्या घळीतला धूर आणि संगणकातला वारा

प्रश्न : दोन्ही बाजूंना इमारतींची सलग रांग असलेल्या रस्त्यावर (अशा रस्त्यालाच ‘घळ’ म्हणतात), वारा काटकोनात वाहत असताना धूर कसा साचतो याचं सिम्युलेशन मी ओपनफोम या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, के-एप्सिलॉन हे टर्ब्युलन्सचं (हवेतल्या खळबळीचं) मॉडेल वापरून करते आहे. तुलना जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या विंड टनेलमध्ये रस्त्याच्या छोट्या प्रतिकृतीवर घेतलेल्या ‘कोडास्क’ मोजमापांशी आहे. भोवरा नीट दिसतो, पण आडोशाच्या भिंतीवर (वारा येतो त्या बाजूच्या इमारतीच्या, घळीकडच्या) धुराचं प्रमाण मोजमापाच्या जवळपास दुप्पट येतं. धुराचा प्रवास सोडवणाऱ्या ‘स्कॅलर ट्रान्सपोर्ट’ भागात, टर्ब्युलन्सने होणाऱ्या मिश्रणाचा गुणक ‘अल्फाडीटी’ ०.७ दिला आहे. टर्ब्युलंट श्मिट नंबर (तो जितका कमी, तितकं मिश्रण जास्त) आणखी कमी करून आकडे जुळवावेत, असा सल्ला मिळाला. करू का?
– एम.टेक.ची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुमचा श्मिट नंबर ०.७ नाहीच. ‘अल्फाडीटी’ हा त्याचा व्यस्त आहे. तिथे ०.७ लिहिलंत की श्मिट नंबर १.४३ होतो आणि टर्ब्युलन्समुळे होणारं मिश्रण तुम्हाला हवं होतं त्याच्या निम्म्यावर येतं. १.४३ लिहा, म्हणजे श्मिट नंबर ०.७ मिळेल. तो रकाना रिकामा सोडला तर १ धरला जातो, हेही लक्षात असू द्या. आणखी एक खड्डा याच फाइलीत आहे : ‘डी’ला (धूर पसरण्याच्या गुणांकाला) ठरावीक किंमत दिली की टर्ब्युलन्सचा वाटा हिशोबातून पूर्ण वगळला जातो. ती ओळ असेल तर काढून टाका.

एवढं करूनही फरक उरला, तरी श्मिट नंबरला हात लावू नका. प्रकाशित अभ्यासांत ०.२ पासून १.३ पर्यंतच्या किमती वापरलेल्या सापडतात, म्हणजे कुठल्याही आकड्याला आधार दाखवता येतो. वाराच चुकला असेल तर असा जुळवलेला आकडा पुढच्या रस्त्यावर, वेगळ्या रुंदीला, हमखास तोंडावर पाडतो. आधी वारा तपासा.

त्यासाठी इमारती काढून टाका आणि रिकाम्या डोमेनमध्ये (गणितासाठी घेतलेल्या हवेच्या पेटीत) तेच गणित चालवा. इनलेटला (हवा आत शिरते त्या बाजूला) दिलेला वेग, के (टर्ब्युलन्सची ऊर्जा) आणि एप्सिलॉन (ती विरण्याचा दर) यांचे उंचीनुसारचे आलेख इमारतींच्या जागेपर्यंत जसेच्या तसे पोचले पाहिजेत. बहुतेकांचा के वाटेतच घसरतो. घर्षणवेग (जमिनीच्या घर्षणाचं माप) ०.४ मी./से. असेल तर के हा त्याचा वर्ग ०.१६ भागिले मॉडेलमधला ठरलेला आकडा ०.३, म्हणजे सुमारे ०.५३ हवा, आणि तो उंचीनुसार बदलता कामा नये. कार्मनचा स्थिरांक (उंचीबरोबर वेग कसा वाढतो, त्या सूत्रातला) ०.४ धरला तर या आलेखांशी सुसंगत सिग्मा-एप्सिलॉन (एप्सिलॉनच्या समीकरणातला स्थिरांक) १.११ येतो, मॉडेलमध्ये आधीपासून असतो १.३. एवढा बदल केला तरी बरीच घसरण थांबते.

दुसरी अडचण जमिनीच्या खडबडीतपणाची. वाळूच्या कणांवर बेतलेल्या नेहमीच्या वॉल फंक्शनला (भिंतीलगतचा वारा धरणाऱ्या सूत्राला) लागणारी खडबडीची उंची झेड-नॉटच्या (वाऱ्याच्या आलेखातल्या खडबडीच्या लांबीच्या) सुमारे २० पट असते, आणि जमिनीलगतच्या पहिल्या सेलचा (गणितासाठी हवेचे पाडतात त्या तुकड्याचा) मध्य तिच्या वर असावा लागतो. समजा, प्रत्यक्षात झेड-नॉट ०.५ मीटर आहे. कोडास्कच्या १:१५० मापात तो ३.३ मिलिमीटर झाला, आणि त्याची २० पट ६६ मिलिमीटर. इमारत मुळात १२० मिलिमीटर उंच! असा सेल ठेवणं शक्यच नाही. म्हणून तिथे झेड-नॉट थेट घेणारं वातावरणीय वॉल फंक्शन वापरा.

घळीच्या आत मात्र उलटी चूक होते. भिंतीजवळ सेल बारीक करत गेलात की छोट्या प्रतिकृतीच्या मापात वाय-प्लस (पहिल्या सेलचं भिंतीपासूनचं एककरहित अंतर) पटकन ३०च्या खाली जातो. घर्षणवेग ०.१ मी./से. आणि सेलचा मध्य भिंतीपासून ३ मिलिमीटर असेल तर वाय-प्लस २० येतो. वॉल फंक्शन तिथे भरवशाचं नाही. बारीक मेश (सेलची जाळी) खर्च करायची जागा छताची पातळी आहे, कारण घळीतला धूर बाहेर पडतो तो त्या पातळ थरातूनच. शेजारच्या सेलच्या मापांत १.२ पटीपेक्षा जास्त उडी नको. धुराला अपविंड स्कीम (वारा येतो त्या बाजूच्या सेलची किंमत तशीच उचलणारी गणिती पद्धत) लावू नका. तिचं खोटं मिश्रण नेमकं याच थरात मिसळतं आणि निकाल फुकट ‘सुधारतो’. ‘बाउंडेड लिमिटेडलिनियर’ ही स्कीम चालेल.

हे सगळं झाल्यावर उरणारा फरक हा स्थिर सरासरीवर चालणाऱ्या मॉडेलचा आहे. छताजवळचे भोवरे मध्येच घळीत शिरतात, धूर उचलून नेतात. के-एप्सिलॉनला ते दिसत नाहीत. वेळ आणि संगणक असेल तर एलईएस (मोठे भोवरे काळानुसार थेट सोडवणारी पद्धत) करा.

प्रश्न : धूर सोडायला रस्त्यावर छोटा इनलेट ठेवला, पण त्याच्या झोतानेच भोवरा बिघडतो. दुसरा उपाय?
– प्राध्यापक, नागपूर

उत्तर : इनलेट काढा आणि रस्त्यालगतच्या सेलच्या पट्टीत फक्त धुराचा स्रोत द्या, हवेला ढकलू नका. या स्रोताच्या फाइलीत ‘अ‍ॅब्सोल्यूट’ म्हणजे पट्टीतून सेकंदाला निघणारं एकूण प्रमाण, ‘स्पेसिफिक’ म्हणजे दर घनमीटरला. पट्टीचं आकारमान ०.०२ घनमीटर असेल तर या दोहोंच्या गल्लतीने उत्तर ५० पट चुकतं. पारख सोपी आहे : गणित स्थिरावल्यावर आउटलेटमधून सेकंदाला बाहेर जाणारा धूर मोजा. सोडलेल्या धुराशी तो जुळलाच पाहिजे.

प्रश्न : याच पद्धतीने खड्ड्यात साचणाऱ्या एलपीजीचा अंदाज घेता येईल का?
– सुरक्षा अधिकारी, तळोजा

उत्तर : नाही. वरच्या पद्धतीत धूर हवेचं वजन बदलत नाही असं गृहीत आहे. विंड टनेलमध्ये सोडतात तो सल्फर हेक्साफ्लोराइड हवेच्या पाचपट जड असूनही चालतो, कारण तिथे मोजमापाच्या वेळी त्याचं प्रमाण अत्यल्प असतं. एलपीजीतला प्रोपेन दीडपट आणि ब्युटेन दुप्पट जड. हवेत प्रोपेन फक्त २ टक्के, म्हणजे पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेच्या आसपास असला, तरी मिश्रण सुमारे १ टक्का जड होतं. २ मीटर खोल खड्डा आणि वर ०.५ मी./से. वारा असेल तर रिचर्डसन नंबर (वाऱ्याच्या तुलनेत वजनाचा परिणाम किती, ते सांगणारा आकडा) ०.८ येतो. एवढा वजनाचा परिणाम सोडून देता येत नाही. थर तळाशी बसतो आणि मिश्रण दबतं. घनतेसह गॅस-मिश्रण सोडवणारा सॉल्व्हर घ्या, टर्ब्युलन्स मॉडेलमध्ये उत्प्लावकतेचं पद चालू ठेवा, तळाशी आडवे थर बारीक ठेवा, आणि गणित स्थिर नव्हे तर काळानुसार चालवा. गळती सुरू झाल्यापासून तळाशी २ टक्के कधी गाठले जातात, तो वेळ तुम्हाला डिटेक्टर बसवताना लागणार आहे.