टेक्सासमध्ये घोड्याला डासांच्या आजारांवरची लस द्यावीच लागते का?
कायद्याचं सोडा, पण द्याच. अमेरिकेत वेस्ट नाईल आणि ईस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिस या मेंदूला सूज आणणाऱ्या दोन्ही विषाणूजन्य आजारांची लस प्रत्येक घोड्याला आवश्यक मानतात. वेस्ट नाईल १९९९ मध्ये न्यूयॉर्कला पोचला आणि २००२ मध्ये देशभरात १५,००० च्या आसपास घोडे आजारी पडले. लक्षणं दिसलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश दगावतात. दुसऱ्या आजारात तर जवळपास ९० टक्के. नेमकं औषध दोन्हींवर नाही.

पहिल्या वेळी ३ ते ६ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी डास वाढण्याआधी बूस्टर. उन्हाळा लांबतो तिथे काही व्हेट (जनावरांचे डॉक्टर) वर्षातून दोनदा देतात, तेव्हा आपल्या व्हेटला विचारा.

शेजारच्या आजारी घोड्याची धास्ती नको, त्याच्याकडून लागण होत नाही. विषाणू पक्ष्यांकडून डासांमार्फत येतो. पाण्याचं टाकं मात्र दर आठवड्याला रिकामं करा.